स्त्री-पुरुषांचा दमसास

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते. वाटेतले बेलवाडीचे रिंगण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पताकावाल्यांप्रमाणेच डोईवर तुळस घेतलेल्या बायाही तेथे धावतात. मग स्त्रीचा दमसास कमी, असे शास्त्र म्हणते ते कोणत्या अर्थाने, हे आपण पाहू.

अतिश्रमाच्या वेळी शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसासाचे माप होय. सरावात नसलेल्या तरुण पुरुषात ते वजनाच्या दर किलोमागे सुमारे ४० मिलिलिटर, तर स्त्रीत ३०च्या आसपास भरते. याची मुख्य कारणे तीन. पुरुषाचे हृदय मोठे, म्हणून एका ठोक्यास ते अधिक रक्त लोटते. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन अधिक असते. आणि स्त्रीच्या शरीरात मेदाचा वाटा जास्त असतो. अर्थात ही झाली सरासरी. सराव असलेली स्त्री बैठ्या पुरुषाला सहज मागे टाकते. साठी ओलांडलेल्या बारामतीच्या लताबाई करे पतीच्या उपचारासाठी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि शर्यत जिंकल्या. त्यांच्यावरील चित्रपट २०२० साली आला.

आता ऊसतोडीचा फड पाहा. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणे बहुधा बाईकडे. समजा, एखाद्या कामाला दर किलोमागे २० मिलिलिटर प्राणवायू लागतो. पुरुषाची ती निम्मी शक्ती झाली, बाईची दोन-तृतीयांश. त्यात रक्तक्षयाने तिचे माप २५वर उतरले, तर तेच काम ऐंशी टक्के शक्ती खाते. ओझे तेच, श्रम मात्र तेच नव्हेत.

हा रक्तक्षय काही विरळा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभरांपैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ होते. हृदयाचा आकार निसर्गाने दिला. पण पानातली भाजी, डाळ, लोहाची गोळी आणि दुपारची विश्रांती यांची वाटणी आपण करतो. बाईला लवकर दम लागतो, असे म्हणण्यापूर्वी घरात शेवटी कोण जेवते, एवढे आम्ही पुरुषांनी पाहावे.