मनगटावरचे घड्याळ आणि हृदयाची चाल

आमच्या चाळीतील एक निवृत्त बस-कंडक्टर मागील वर्षी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले. घरी आले आणि खाटेला खिळले. "चाललो तर पुन्हा झटका येईल," ही एकच भीती. मुलाने हप्त्यावर ठोके मोजणारे घड्याळ आणून दिले, तर झाले उलटेच! दिवसभर आकडा पाहायचा आणि नव्वद दिसले की घाबरायचे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणता आकडा कशाचा हे कळल्यावाचून हिशेब जुळत नाही, हे आम्हांस ठाऊक. म्हणून विषय समजून घेतला.

हृदयाचा आलेख दूर पाठविण्याची कल्पना जुनी आहे. हॉलंडमधील आइंटहोवेन यांनी १९०५ साली रुग्णालयातून दीड किलोमीटरवरील प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने तो मिळविला. १९४९ साली अमेरिकेत होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा आलेख बिनतारी पाठविला. पण पाठीवरचे यंत्र सुमारे ३८ किलोचे! आज तेच काम छातीच्या पट्ट्यावर आणि मनगटावर आले आहे.

घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या चढउतारावरून ठोके मोजते. पट्टा सैल असला किंवा हात फार हलला, तर आकडा चुकतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत-संकेत टिपतो, म्हणून व्यायामात तो अधिक भरवशाचा. मात्र हृदयविकाराचा झटका घड्याळ ओळखत नाही. शिवाय मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात. अशा रुग्णाने २२० मधून वय वजा करण्याचे गणित मांडू नये. मर्यादा डॉक्टरांकडूनच घ्यावी.

काही ठिकाणी रुग्ण घरी व्यायाम करतो, नोंद फोनवरून रुग्णालयात जाते आणि तेथील तज्ज्ञ चालणे किती वाढवावे ते सांगतात. धोका फार नसलेल्या रुग्णांना असा घरचा व्यायाम रुग्णालयातील व्यायामाइतकाच उपयोगी पडतो, असे अभ्यासांत आढळले आहे. ज्याची रोजी बुडते, त्याला याचे मोल अधिक.

आम्ही त्या गृहस्थांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "काका, चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवा. बोलताही येत नसेल तर कमी करा." या कसोटीला पैसा लागत नाही! पहिल्या दिवशी आम्ही सोबत फाटकापर्यंत गेलो. आज ते बाजारापर्यंत जातात. घड्याळ मनगटावर आहे, पण नजर रस्त्यावर.

वाचकहो, घरात असा रुग्ण असेल तर त्याला बसवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारा आणि चार दिवस त्याच्यासोबत चाला. मात्र छातीत दुखले, दरदरून घाम आला किंवा दम कोंडला, तर घड्याळ पाहत बसू नका. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.