जोखीम आणि जामीन : स्वतंत्रपूरच्या प्रयोगाचा ख्रिस्ती नीतिविचाराच्या दृष्टीने परामर्श

औंध संस्थानच्या इतिहासात 1939 हे साल दोन घटनांमुळे महत्त्वाचे ठरले आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना अमलात आणली; आणि त्याच वर्षी माणदेशातील आटपाडीजवळ, तट व बेड्या नसलेली बंदिवानांची शेतवसाहत स्वतंत्रपूर या नावाने उभी राहिली. घटनेविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. वसाहतीकडे मात्र तुरुंगसुधारणेचा एक नमुना एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. वस्तुतः तिच्यामागे नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न उभा आहे : दुसऱ्यासाठी धोका पत्करणे हे केव्हा सद्गुण ठरते, आणि केव्हा ते नुसते धाडस असते?

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार ज्या परंपरांनी केला, त्यांत ख्रिस्ती परंपरा एक होय. प्रयोगाचे प्रेरक मॉरिस फ्रिडमन हे मात्र ख्रिस्ती नव्हेत. ते पोलंडमधील ज्यू कुळात जन्मलेले विद्युत्-अभियंते. बंगळूरच्या कारखान्याचे काम पाहण्यासाठी भारतात आले आणि पुढे भगवी वस्त्रे धारण करून भारतानंद झाले. तेव्हा स्वतंत्रपुरावर ख्रिस्ती छाप मारण्याचा मोह आवरलाच पाहिजे. येथे ख्रिस्ती विचाराचा उपयोग केवळ एक मापदंड म्हणून करावयाचा आहे.

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात एपफ्रदीत नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. पौल बंदिवासात आहे. मंडळीने पाठविलेली मदत घेऊन हा मनुष्य त्याच्यापर्यंत आला, त्याची सेवा केली आणि आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला. त्याच्या कृतीसाठी पौलाने जे ग्रीक क्रियापद योजले, ते ‘पणाला लावणे’ या अर्थाचे आहे. काही हस्तलिखितांत एका अक्षराच्या फरकाने दुसरा पाठ मिळतो, आणि मग अर्थ ‘जिवाची पर्वा न करता’ असा होतो. हा फरक दिसतो तितका क्षुल्लक नाही. बेपर्वा मनुष्य जोखमीचा हिशेबच करीत नाही. पण लावणारा मनुष्य हिशेब करतो, काय गमवावे लागेल हे जाणतो, आणि तरीही पाऊल पुढे टाकतो.

याच धातूवरून पुढे ‘पाराबोलानी’ ही संज्ञा निघाली, असे सामान्यतः मानले जाते. अलेक्झांड्रियात आजाऱ्यांच्या शुश्रूषेस वाहिलेल्या लोकांचा हा संघ. रोगसंसर्गाचा धोका पत्करणे हेच त्यांचे व्रत. परंतु पाचव्या शतकात हेच लोक बिशपचे दांडगे अनुयायी म्हणून कुख्यात झाले, आणि 416 साली बादशाही फर्मानाने त्यांची संख्या 500 पर्यंत मर्यादित करावी लागली (दोनच वर्षांनी ती 600 करण्यात आली). मरणाचे भय गेलेला मनुष्य सज्जन असतोच असे नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. आपल्याच प्रदेशातील मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशनचे रुग्णालय उभारले, आणि पुढे कुष्ठरोग व क्षय यांच्या रुग्णांचीही तेथे सोय झाली. तेथील सेवेचे मोल केवळ संसर्गाच्या धोक्याने ठरत नाही. रोग्याने एकदा टाकलेला विश्वास वर्षानुवर्षे सांभाळला गेला, याने ते ठरते.

आता स्वतंत्रपुराकडे वळू. तेथे जोखीम कोणाची होती? बंदिवान पळाला असता तर राजांच्या कीर्तीला बट्टा लागला असता, हे खरे. परंतु त्याने पुन्हा गुन्हा केला असता तर त्याचा घाव आटपाडीच्या परिसरातील शेतकऱ्याला बसला असता, आणि त्याची संमती कोणी विचारली असावी असे गृहीत धरण्यास आधार नाही. दुसऱ्याच्या जिवावर औदार्य दाखविणे सोपे असते. हा आक्षेप गंभीर आहे, आणि प्रयोगाचे गोडवे गाणारे त्याला सहसा स्पर्श करीत नाहीत.

त्याचे उत्तर शोधताना पौलाचेच दुसरे, अगदी लहानसे पत्र उपयोगी पडते. अनेसिम हा गुलाम धनी फिलेमोन याच्याकडून पळाला होता, असा त्या पत्राचा परंपरागत अर्थ आहे. पौल त्याला परत पाठवितो आणि त्याचे जे काही देणे असेल ते आपल्या नावे मांडावे असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देतो. म्हणजे तो नुसती दयेची याचना करीत नाही; तो जामीन राहतो. ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क तो नाकारीत नाही, ते नुकसान स्वतःकडे ओढून घेतो. शोमरोन्याच्या दाखल्यातही हेच आहे. यरीहोच्या वाटेवर जखमीस उचलणे हे त्याचे धैर्य; पण उतारशाळेच्या रखवालदारास दोन नाणी देऊन, अधिक खर्च झाल्यास परतताना भरीन, असे जे तो सांगतो, ती त्याची सचोटी. कीर्तनकार व प्रवचनकार पहिल्या भागावर फार रेंगाळतात.

या कसोटीवर औंधचा प्रयोग बराच उतरतो, पण पूर्ण नव्हे. ज्या राजाने त्याच वर्षी आपली सत्ता कायद्याने बांधून घेतली, त्याने बंदिवानांवर विश्वास टाकला; म्हणजे जो शब्द त्याने मागितला, तसा शब्द त्याने स्वतःही दिला होता. या जोडीतच प्रयोगाचे नैतिक बळ आहे असे मला वाटते. शेजाऱ्याच्या नुकसानीस जामीन कोण, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाने ही उणीव कलेच्या मार्गाने भरून काढली. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, ते याच माणदेशचे. सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर जाणारा तेथील तुरुंगाधिकारी अखेरीस स्वतःचे प्राण देतो. जामीनकीची संपूर्ण किंमत एका माणसाने चुकविण्याची ही कल्पना ख्रिस्ती वाचकास ओळखीची वाटेल. प्रत्यक्ष स्वतंत्रपुरास अशा बलिदानाची गरज पडली नाही. 1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. वसाहत मात्र टिकली, आणि पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली. कुटुंबासह राहून शेती करण्याची मुभा तेथील बंदिवानांस मिळत आली आहे. त्यांची निवड आता राजाच्या शब्दावर नव्हे, नियमांनुसार होते.