आंधळे कोण?

२ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांची 'महाभारत' मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्यातला धृतराष्ट्र जन्मांध. भूमिका केली डोळस नटाने, गिरिजा शंकर यांनी. द्रौपदीची विटंबना होताना तो गप्प बसतो आणि आपल्या मनावर ठसते, डोळे नाहीत म्हणून विवेकही नाही! पण त्याच सभेत भीष्म, द्रोणही गप्प होते. त्या डोळसांना आंधळे कोणी म्हटले?

२०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित नोंदले गेले. त्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत. मालिकांना मात्र दिसतो तो भिकारी, गवई, नाहीतर शेवटच्या भागात चमत्काराने दृष्टी मिळालेला नायक.

८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, अपंगांविषयीचे चित्रण त्यांना सामील करून घेऊनच करा. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी हेच मागितले होते: आमचा प्रतिनिधी आमच्यातलाच हवा. मग मालिका लिहिणाऱ्यांच्या बैठकीत दृष्टिबाधितांची खुर्ची कुठे आहे?