कॅरिबियन बेटाचा पासपोर्ट आणि गावची शेतजमीन : बयाणा देण्याआधी हे समजून घ्या

आखातात नोकरी करणाऱ्या सातारा-सांगलीच्या माणसाला पगारापेक्षा मोठी काळजी असते ती पुढच्या आयुष्याची. दुबई, दम्माम, मस्कतमध्ये वीस वर्षं काढली तरी तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी गेली की व्हिसाही जातो. अशा माणसाच्या मोबाईलवर एक दिवस जाहिरात येते: ‘कॅरिबियन बेटावर घर घ्या, काही महिन्यांत सगळ्या कुटुंबाचा पासपोर्ट मिळवा.’ मनात विचार येणं साहजिक आहे. घरही झालं आणि मुलांचं भविष्यही.

ही योजना खोटी नाही. पण तिची सगळ्यात मोठी किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. ती किंमत वाळवा, तासगाव, कराड किंवा खटाव तालुक्यातल्या आपल्या सातबाऱ्याशी जोडलेली आहे, आणि जाहिरातीत ती लिहिलेली नसते.

योजना नेमकी काय आहे?

सेंट किट्स-नेव्हिस, अँटिग्वा-बार्बुडा, डोमिनिका, ग्रेनडा आणि सेंट लुसिया हे पाच छोटे देश गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतात. सेंट किट्सची योजना सगळ्यात जुनी, १९८४ पासूनची. एक तर सरकारी निधीला पैसे द्यायचे (ते परत मिळत नाहीत), नाहीतर सरकारने मंजूर केलेल्या प्रकल्पात मालमत्ता घ्यायची. मार्च २०२४ मध्ये यातल्या चार देशांनी करार करून किमान रक्कम २ लाख डॉलर ठरवली. डॉलर ८८ रुपये धरला तर हे १ कोटी ७६ लाख रुपये होतात. सरकारी फी, चौकशीची फी आणि वकील-एजंटचा खर्च वेगळा.

अनेकदा या पैशात मिळतो तो समुद्रकिनारचा बंगला नसतो, रिसॉर्टमधला एक हिस्सा असतो. योजनेबाहेर कुठलीही जमीन घ्यायची म्हटलं तर परदेशी माणसाला तिथे सरकारी परवाना लागतो. आपली जमीन परक्याच्या हाती सहज जाऊ नये असं त्या बेटांनाही वाटतं. आपल्याकडचा कायदाही तोच विचार करतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पासपोर्ट हातात आला की काय जातं?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. दोन्ही खिशात ठेवून फिरणं हा गुन्हा आहे. मतदानाचा हक्कही जातो.

एजंट म्हणेल, ‘काळजी करू नका, ओसीआय कार्ड काढू.’ ओसीआयने येणं-जाणं आणि राहणं सोपं होतं हे खरं. पण ते नागरिकत्व नाही. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ओसीआयधारकाला मालमत्ता खरेदी-विक्रीचे जे हक्क दिलेत, त्यातून शेतजमीन, फार्महाऊस आणि प्लँटेशन ही तिन्ही वगळली आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्या. भारतीय पासपोर्टवर आखातात राहणाऱ्या एनआरआयलाही, तो परदेशात आहे तोवर, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण तो कायमचा गावी परतला की हे बंधन सुटतं. मग महाराष्ट्राच्या कुळकायद्याचं कलम ६३ उरतं. त्याप्रमाणे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि खातेदार कुटुंबातल्या माणसाला ते अवघड नसतं. म्हणजे भारतीय पासपोर्ट असेल तर परतीची वाट उघडी राहते. बेटाचा पासपोर्ट घेतला की नागरिक म्हणून असलेली ही वाट आपण स्वतःच्या सहीने सोडतो. ताकारी, म्हैसाळ, टेंभूचं पाणी आल्यावर ज्यांनी माळरानाची बाग होताना पाहिली, त्यांना यातला तोटा समजावून सांगायला नको.

हिबा, वारसा आणि भावाच्या नावावरची जमीन

आपल्या समाजात हा भाग अनेकांना माहीत नसतो, म्हणून नीट पाहू.

बरेच वडील हयातीतच हिबा करून जमिनीची वाटणी करतात, पुढे भावाभावांत वाद नको म्हणून. हेतू चांगला आहे. पण परकीय चलन कायद्याच्या (फेमा) नियमांप्रमाणे एनआरआय किंवा ओसीआय मुलाला राहतं घर किंवा दुकान बक्षीस देता येतं, शेतजमीन देता येत नाही. तलाठ्याकडे फेरफार अडकला की घरात समजतं, तोवर कागद होऊन गेलेले असतात.

वारसाने मात्र शेतजमीन मिळू शकते. वडिलांच्या पश्चात फराइज़प्रमाणे येणारा हिस्सा परदेशातल्या मुला-मुलीच्या नावावर लागू शकतो, ओसीआय असले तरी. मात्र ती शेतजमीन पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते, परदेशातल्या चुलतभावाला नाही.

तिसरा रस्ता लोक काढतात तो म्हणजे पैसे आपले, खरेदी भावाच्या नावावर. असं केलं तर कागदावर मालक भाऊच. उद्या त्याच्या मुलांनी हक्क सांगितला तर तुमच्याकडे काय आहे? उलट ‘जमीन खरी माझीच’ असं तुम्ही म्हणालात तर बेनामी व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो.

पैसे इथून जाणार असतील तर

आखातातली कमाई तिथूनच गुंतवली तर हा भाग लागू होत नाही. पण अनेकदा ठरतं ते असं: इथला प्लॉट विकू, अब्बांच्या खात्यातून पाठवू. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. या कामासाठी बँकेने कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. १ कोटी ७६ लाख पाठवले तर ३३ लाख २० हजार रुपये आधी बाजूला काढावे लागतील. विवरणपत्र भरताना ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात.

भारतातल्या रहिवाशाने परदेशातलं घर दरवर्षी विवरणपत्रात दाखवायचं असतं. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. आणि हवालाने पैसे पाठवण्याचा विचारही नको. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पैशाचा स्रोत दाखवता आला नाही की तिकडचा अर्जही फेटाळला जातो.

घर विकायचं झालं तर?

सेंट किट्समध्ये योजनेतली मालमत्ता सात वर्षं विकता येत नाही. त्यानंतरही घेणार कोण? त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ सालीच ५ लाखांवर लोक होते. वादळांचा धोका आहेच. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने डोमिनिका उद्ध्वस्त केलं. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

पासपोर्टची ताकदही कायम राहील असं नाही. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने डोमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. ज्यांनी व्हिसामुक्त ब्रिटनसाठी पैसे भरले होते, त्यांना ते कोणी परत दिले नाहीत.

मग करायचं काय?

- सातबारा काढून पाहा. वारसनोंद राहिली असेल तर ती आधी पूर्ण करा.
- एजंटचं नाव त्या देशाच्या सरकारी यादीत आहे का ते स्वतः तपासा. त्याच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही भरू नका.
- फेमा जाणणारा सीए आणि महसूल कायदा जाणणारा वकील, दोघांना विचारा. फी जाईल, पण जमीन राहील.
- गावाकडे गुंतवायचं असेल तर एनआरआयला सातारा, कराड, सांगली, मिरजेत फ्लॅट, दुकान किंवा बिगरशेती प्लॉट घेता येतो. पैसे बँकेतूनच द्या. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर सातबाऱ्यावर तो अजून शेती म्हणून आहे का, ते आधी बघा.

कोणाला खरंच दुसऱ्या देशात कायमचं स्थायिक व्हायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. पण निर्णय एकट्याने आणि फोनवर घेऊ नका. सुट्टीला घरी आलात की वडील, भाऊ, बहिणी सगळ्यांना एकत्र बसवा, सातबारा मध्ये ठेवा आणि मगच ठरवा. कारण पासपोर्ट एकाचा बदलतो, पण त्याचा परिणाम सगळ्यांच्या वाटणीवर होतो.