आकाशातले वळसे

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर साधारण 12,400 किलोमीटर. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून वाटतं, वाट युरोप आणि अटलांटिकवरून जात असेल. दोरा मात्र हिमालय, सायबेरिया ओलांडून थेट आर्क्टिककडे चढतो आणि अलास्कावरून खाली येतो.

विमानाला या दोऱ्यावरून जाणं सहसा जमत नाही. पहिला अडसर तिबेटचा. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. तेवढ्यात वैमानिकाला सुमारे 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटची जमीनच त्याहून उंच! खाली यायचं कुठे?

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. आपलं विमान ज्या उंचीवर जातं, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, या दोन्हींतून ते तयार होतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग तितकाच वाढतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने याचाच फायदा घेतला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जाणारं विमान पॅसिफिकवरून नेलं. वाट 13,900 वरून 15,300 किलोमीटर झाली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं. परतताना अटलांटिकची वाट धरली की पुन्हा वारा पाठीशीच.

वाऱ्याशी असं जुळवून घेता येतं, सरकारांशी येत नाही. 2022 मध्ये युरोपीय विमानांसाठी रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा सुमारे नऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अमेरिकेच्या काही उड्डाणांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. वळसा वाढला की इंधन जास्त भरावं लागतं, आणि ते वाहून न्यायलाही इंधनच जळतं. मग माल कमी करा, नाहीतर मध्ये उतरा.

या वळशांचा खरा ताण पडतो तो अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या सत्तरीतल्या आईवडिलांवर. तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ असते, तीही दोन वेगळ्या देशांच्या घड्याळांप्रमाणे. सलग किती तास बसायचं, मधुमेहाची गोळी कधी घ्यायची, याचा हिशेब त्यांनी कसा मांडावा? विमान कंपन्यांनी एकूण तास आणि इंधनासाठीचा संभाव्य थांबा बुकिंगच्या वेळीच सांगायला हवा, आणि मार्ग बदलला तर निदान आदल्या दिवशी फोन करून कळवायला हवं.