बावीस लाखांतलं एक शीत

'दहा फील्डमध्ये मायटोसिस : ३.' मेंदूच्या आवरणाची गाठ काढल्यानंतर जो पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात पडतो, त्यात अशी एक ओळ असते. नातेवाईक ती वाचत नाहीत. त्यांचं बोट थेट खालच्या 'ग्रेड १'वर जातं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्या ओळीत तीनच्या जागी चार असते, तर खाली 'ग्रेड २' आलं असतं, आणि रेडिएशन द्यायचं का, पुढचा एमआरआय किती महिन्यांनी, यावर खल सुरू झाला असता.

तीन की चार, एवढ्यावर हे सगळं येऊन थांबतं. त्यामागचा हिशेब मांडायला घेतला की डोकं गरगरतं.

या गाठीचं नाव मेनिन्जिओमा. अमेरिकी न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी ते १९२२ साली दिलं. ही गाठ मेंदूत उगवत नाही. मेंदूभोवती तीन आवरणं असतात, त्यांतल्या मधल्या, कोळिष्टकासारख्या पडद्यातल्या पेशींपासून ती होते आणि मेंदूला बाहेरून रेटत राहते. दुर्मीळ म्हणावी, तर तसंही नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला पंचेचाळिशी ओलांडलेल्या २,००० सर्वसामान्य माणसांच्या मेंदूचे एमआरआय काढले होते. २००७ साली छापून आलेल्या त्या पाहणीत ०.९ टक्के लोकांत ही गाठ निघाली. त्या वयाच्या हजार पानांची पंगत बसली, तर त्या हिशेबानं नऊ जण डोक्यात गाठ घेऊन जिलबी खात असतील, आणि त्यांना पत्ताही नसेल.

आता लहानशा लिंबाएवढी, ३ सेंटिमीटर व्यासाची गाठ घेऊ. तिचं घनफळ सुमारे १४ घन सेंटिमीटर. एका घन सेंटिमीटरला शंभर कोटी पेशी हा ढोबळ हिशेब धरला, तर गाठीत १,४०० कोटी पेशी झाल्या. पृथ्वीवर माणसं आहेत साधारण ८०० कोटी. म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या पावणेदोन पट वस्ती एका लिंबात.

ही वस्ती पॅथॉलॉजिस्टपुढे येते ती कापांच्या रूपात. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांचे मेणात ब्लॉक करतात आणि मायक्रोटोमवर त्यांचे ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-सतरा काप सहज बसतील. काचेवर घेतलेल्या, गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या अशा कापावर सूक्ष्मदर्शकाचं मोठं भिंग लावलं की एका वेळी ०.१६ चौरस मिलिमीटर भाग दिसतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात धरलं आहे. असे दहा भाग पाहायचे आणि दुभंगण्याच्या ऐन क्षणी सापडलेल्या पेशी, म्हणजेच मायटोसिस, मोजायच्या. ३ पर्यंत असतील तर निदान एवढ्यावरून ग्रेड चढत नाही. ४ ते १९ म्हणजे ग्रेड २. २० किंवा जास्त म्हणजे ग्रेड ३.

दहा भागांचं क्षेत्रफळ १.६ चौरस मिलिमीटर होतं, मोहरीच्या दाण्याच्या सावलीएवढं. त्याला ४ मायक्रॉनच्या जाडीनं गुणलं आणि गाठीच्या घनफळाला त्यानं भागलं, तर उत्तर येतं सुमारे २२ लाख. निकाल ज्यावर लागतो ते मांस गाठीच्या बावीस लाखाव्या हिश्शाएवढं. बावीस लाख दाणे तांदळाचे घेतले, तर चाळीसएक किलो भरतील. पोतंभर तांदूळ शिजवायचा आणि एका शितावरून भाताची परीक्षा करायची, असा हा प्रकार.

पॅथॉलॉजिस्टवर अन्याय नको म्हणून एक सांगायला हवं. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा शिजलेला असला तर. गाठ सारखी शिजलेली नसते. म्हणून पॅथॉलॉजिस्ट आधी सगळ्या स्लाइड पालथ्या घालतो, जिथं विभाजन जास्त दिसतं तो कोपरा हेरतो आणि मोजायला तिथं बसतो. भात चांगला आहे का हे बघण्यापेक्षा त्यातला सगळ्यात वाईट घास कोणता, हे तो शोधत असतो.

तरी एक अडचण उरतेच. पेशी प्रत्यक्ष दुभंगते तो काळ तासाभराचा. त्याआधीची तयारी कितीतरी लांब, प्रयोगशाळेतल्या घाईच्या पेशींतही जवळजवळ दिवसभराची. मायटोसिस मोजणं म्हणजे लग्नघराचा फक्त अक्षता पडतानाचा फोटो. बस्ता बांधून झालेली घरं त्यात दिसत नाहीत. ती दाखवतं केआय-६७ नावाचं प्रथिन. विभाजनाच्या वाटेला लागलेल्या पेशीच्या केंद्रकात ते असतं, स्वस्थ बसलेल्या पेशीत नसतं. त्याला चिकटणारी अँटिबॉडी आणि तपकिरी रंग वापरला की ही केंद्रकं उठून दिसतात. यालाच आपल्याकडे 'आयएचसी केलं' म्हणतात.

नाव मात्र अगदीच निरुत्साही. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात योहानेस गेर्डेस आणि सहकारी हॉजकिन लिम्फोमावर काम करत होते. आप्पेपात्रासारख्या ९६ खळग्यांच्या ट्रेमध्ये ६७ व्या खळग्यात ही अँटिबॉडी मिळाली. कीलचं 'केआय' आणि खळग्याचा ६७. प्रथिन मात्र अवाढव्य आहे. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, यात ३,२५६. त्याचं एक काम उलगडायला २०१६ उजाडावं लागलं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते त्यांच्यावर लेपासारखं बसतं, शेवयांना तेलाचा हात लावावा तसं.

साध्या मेनिन्जिओमात केआय-६७ बहुधा चार-पाच टक्क्यांच्या आत असतं. ऐकायला किरकोळ. पण सगळ्या गाठीत ४ टक्के धरले, तर ५६ कोटी पेशी वाटेला लागलेल्या आहेत! शिवाय रंग किती गडद आला आणि मोजणी कुठं केली, यावर हा आकडा हलतो. म्हणून ग्रेडच्या अधिकृत निकषांत तो नाही, आणि माझ्या मते नाही तेच बरं.

याच्या उलट टोकाला एक निकष आहे. २०२१ च्या वर्गीकरणानुसार टर्ट जनुकाच्या स्विचमध्ये ठरावीक बदल सापडला, तर बाकी काहीही दिसो, गाठ ग्रेड ३. हा स्विच मोडला की टेलोमरेज या प्रथिनाचा नळ उघडा राहतो आणि पेशी म्हातारी व्हायचं विसरते. बदल असतो एका अक्षराचा. पेशीतल्या डीएनएत सहाशे कोटींहून जास्त अक्षरं आहेत. तीनशे पानी पुस्तकात सहा लाख अक्षरं धरली, तर दहा हजार पुस्तकं झाली. एवढ्या ग्रंथालयात एक मुद्रणदोष.

पण विभाजनाचा वेग वेगळा आणि घुसखोरी वेगळी. मेंदूला अगदी चिकटून असलेल्या आवरणाला पिया मेटर म्हणतात, लॅटिनमध्ये प्रेमळ आई. सर्वात बाहेरचं ड्यूरा मेटर म्हणजे कडक आई. अरबी वैद्यकग्रंथांतून लॅटिनमध्ये आलेली ही नावं. शरीरशास्त्राच्या रुक्ष यादीत घराची ही समज कुठून आली, कोण जाणे. केसाहूनही पातळ अशी ही प्रेमळ आई ओलांडून गाठीच्या जिभा मेंदूत शिरल्या, तर २०१६ पासून तेवढ्यावरूनच ग्रेड २ मिळते, मायटोसिस शून्य असले तरी. रक्तवाहिनीच्या कडेनं, पिया न फाडता आत गेलेली गाठ मात्र घुसखोर धरत नाहीत.

ही सीमा धूसर असेल, तर जीएफएपी या प्रथिनाचा रंग लावतात. ते गाठीत नसतं, मेंदूच्या आधारपेशींत असतं. चोर सापडेना म्हणून घरच्यांना रंगवायचं. गाठीच्या मधोमध तपकिरी बेटं उरली, की चोर घरात शिरला होता हे कळतं.

तो भिंत कशी फोडतो, याचा माग बेडकाच्या पिल्लापासून निघतो. बेडूक होताना पिल्लाची शेपटी विरघळते, ती विरघळवणारं विकर १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापियेर यांना सापडलं. त्याच्या कुळातली, एमएमपी नावाची वीसहून अधिक विकरं माणसात आहेत. मेनिन्जिओमात एमएमपी-२ आणि एमएमपी-९ यांच्यावर बरंच संशोधन झालं, पण निकाल एका सुरात बोलत नाहीत. ग्रेड ठरवताना त्यांना विचारत नाहीत.

यात शेवटचा पेच सर्जनचा. गाठ काढताना निरोगी मेंदूला धक्का लागू नये, हे त्याचं पहिलं कर्तव्य. ते त्यानं जितकं चोख पाळलं, तितका गाठीला लगटलेला मेंदूचा काठ लॅबमध्ये कमी येतो, आणि घुसखोरीचा पुरावा असलाच तर नेमका त्याच काठावर असतो. पॅथॉलॉजिस्ट 'ग्रेड १' लिहितो आणि खाली बारीक अक्षरांत जोडतो : तपासणीसाठी आलेल्या तुकड्यांत मेंदूचा भाग आढळला नाही.