कॅसेट थांबत नाही

अंधेरीत वीरा देसाई रोडपासून ओशिवऱ्यापर्यंत एडिटिंग स्टुडिओंची दाटी आहे. तिथल्या यंत्रांना आज फोर-के चित्रणही जड जात नाही. त्याच अंधेरीत कित्येक घरांच्या माळ्यावर लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. २०१४ साली मेट्रो सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीचा जे. पी. रोड आणि त्यावरून निघालेली वरात त्यांत आहे. ही कॅसेट काही न गमावता घरच्या संगणकात उतरवता येईल का? येईल, पण आधी हिशेब समजून घ्यायला हवा.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात. डिजिटल रूपात प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं. प्रत्येक बिंदूला सरासरी दोन बाइट धरले, तर सेकंदाला २०.७ मेगाबाइट होतात. तासाला सुमारे ७५ जीबी आणि तीन तासांच्या कॅसेटला २२४ जीबी. नव्वदच्या दशकात घरगुती संगणकातली चार जीबीची डिस्क साडेतीन मिनिटांच्या आतच भरून गेली असती. मुळात तेव्हाच्या डिस्कला या वेगाने सलग लिहिणंच झेपत नव्हतं. म्हणून १९९५च्या सुमारास आलेल्या डीव्ही पद्धतीने चित्र पाचपट दाबलं आणि तासाचं चित्रण १३ जीबीत बसवलं.

खरी अडचण ‘सलग’ या शब्दात आहे. फाइल कॉपी करताना डिस्क क्षणभर अडखळली तर बिघडत नाही. कॅसेट मात्र कुणासाठी थांबत नाही. सकाळी तासभर पाणी येतं, नळाला तोटी नसते आणि पिंप भरत जातं, तशी इथे संगणकाची मेमरी भरत जाते. डिस्कने ते पिंप वेळेत रिकामं केलं नाही, तर पुढची चित्रं सांडतात. कॅप्चरच्या, म्हणजे कॅसेट संगणकात उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खिडकीत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’समोरचा आकडा शून्यावरून हलला, की समजावं चित्रं गळू लागली. हळूहळू आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटतो.

आजची साधी हार्ड डिस्कही २०.७चा वेग सहज पेलते. तरीही चित्रं गळतात, आणि कारण बहुतेकदा भलतंच असतं. यूएसबी २.०चा कागदावरचा वेग सेकंदाला ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात मिळतात तीस-पस्तीस. व्हीसीआर आणि संगणक यांना जोडणारं कॅप्चरचं यंत्र आणि बाहेरची डिस्क एकाच हबला जोडली, तर तोच डेटा त्या वायरीतून एकदा आत येतो आणि एकदा बाहेर जातो. एकेचाळीसचा भार तिला पेलत नाही. दोन्ही वेगवेगळ्या पोर्टना जोडा, आणि शक्यतो आतल्या एसएसडीवर लिहा. पेनड्राइव्हवर थेट कॅप्चर करू नका.

दुसरं दुखणं स्वस्तातल्या कॅप्चर यंत्राचं. अशी बरीच यंत्रं चित्र आतच दाबून पुढे पाठवतात. जुन्या कॅसेटमधल्या मुंग्या, म्हणजे पडद्यावर वळवळणारे ठिपके, प्रत्येक चित्रात जागा बदलतात. दाबणारी पद्धत त्यांनाच तपशील समजून त्यांच्यावर जागा खर्च करते, आणि आजीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. पालमध्ये प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, म्हणजे सेकंदाला ५० क्षण. काही यंत्रं दोन अर्धी एकत्र करून टाकतात आणि हालचालीतला अर्धा ओघ कायमचा जातो. त्यापेक्षा हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ यांसारखी एकही बिंदू न गमावणारी पद्धत वापरावी. फाइल साधारण निम्मी होते. फोनवर पाठवायची छोटी प्रत नंतर हवी तेवढ्या वेळा काढता येते.

संगणकाची मर्यादा आता जवळजवळ संपली आहे. उरली आहे ती टेपची आणि तिला वाचणाऱ्या यंत्राची. व्हीसीआरमधला हेडचा ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि त्याच्यावरून अर्धा इंच रुंदीची टेप घासत जाते. मुंबईच्या दमट हवेत त्या टेपवर बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतील आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. घरात चालू व्हीसीआर असेल तर तो भंगारात देऊ नका. सर्वांत जुनी, पण बुरशी नसलेली कॅसेट आधी उतरवा. फाइल शेवटपर्यंत पाहून खात्री करा, दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत ठेवा, आणि तोवर मूळ कॅसेट टाकू नका.